सात टाळ्या

चष्मा दुकानदाराच्या हातात होता, त्यामुळे मला नीट दिसत नव्हतं. काडीचा स्क्रू सैल झाला होता, तो घट्ट करून घ्यायला मी ग्वाल्हेरच्या आमच्या माधवगंजातल्या त्या दुकानात गेलो होतो. दुपारचे पावणेदोन झाले असतील. काउंटरच्या वर फळीवर टीव्ही चालू होता आणि मला त्यात नुसते रंग दिसत होते. बायकांच्या रांगा असाव्यात. लाल, पिवळं, हिरवं. त्यातला एक जांभळा रंग एकदम मोठा झाला आणि टाळ्या वाजवू लागला. डावा हात उताणा, जागचा न हलणारा, आणि उजवा त्यावर वरून पडणारा, भाकरी थापावी तसा. अशा टाळ्या मी एकाच बाईला वाजवताना पाहिलं होतं, आणि तिला जाऊन त्या दिवशी चोवीस दिवस झाले होते. "भैया, चश्मा दो," मी म्हणालो. "बस दो मिनट, अंकल. पेच बहुत बारीक है." "अभी दो!" माझा आवाज इतका चढला की त्याने एका काडीचा चष्मा तसाच पुढे केला. मी तो नाकावर धरला तोवर साबणाची जाहिरात लागली होती. "क्या हुआ, अंकल?" "हमारी घरवाली थी." त्याने माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं. "कहाँ?" "टीवी में." तो वनमालाला ओळखत होता, तिच्या मातीलाही आला होता. त्याने मला स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं. त्याला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. मी पाणी प्यायलो. मला रडू येत नव्हतं. शाळेत निकालाच्या दिवशी यादीत आपला नंबर दिसला की जसं वाटतं, तसं वाटत होतं. घरी येताना मी जवळजवळ पळत होतो, त्रेसष्टाव्या वर्षी, आणि वाटेत दोघांनी विचारलं तर दोघांना सांगितलं की काम आहे.

त्या कार्यक्रमाचं नाव 'खुली खिडकी'. मृणालिनी सेठी नावाची एक जुनी नटी तो चालवायची. एके काळी तिचे सिनेमे चालायचे; आता ती सोफ्यावर बसून लोकांशी गप्पा मारायची, सोमवार ते शुक्रवार, दुपारी दीड ते दोन. समोर बसायला रोज एका गावच्या बायका बोलावत. आमच्या शेजारच्या उषाताई महिला मंडळ चालवतात, त्यांनी कुठूनसा पत्ता काढला आणि डिसेंबरात अकरा बायका नोएडाला न्यायचं ठरवलं. "बस त्यांची, जेवण त्यांचं, टाळ्या तेवढ्या आपल्या," असं त्या आमच्या दारात उभ्या राहून सांगत होत्या. मी आतून म्हणालो, "भाड्याच्या टाळ्या वाजवायला नोएडाला कशाला जायचं? इथं पुढारी कमी आहेत का?" उषाताई हसल्या, वनमाला हसली नाही. ती म्हणाली, "इथं टाळ्या वाजवून घरी येऊन चहा मलाच करावा लागतो. तिथं चहा ते देतात." आणि गेली. तिसऱ्या दिवशी परत आली तेव्हा थंडीने नाक लाल झालं होतं आणि तोंड थांबत नव्हतं. कानाला यंत्र लावलेली एक पोरगी हात वर करते, की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, हात खाली आला की बंद. पांढरं नेसायचं नाही. बारीक चौकडीही नाही, कॅमेऱ्यात ती नाचते म्हणे. म्हणून चौकडीवाल्या उषाताईंना मागे बसवलं आणि वनमालाला, तिच्या जांभळ्या चंदेरीला, पहिल्या रांगेत. "मला माईक दिला," ती म्हणाली. "मी बोलले." मी विचारलं, काय? "लागेल तेव्हा पाहा की." मी पुन्हा विचारलं नाही. तीन दिवस मी हातानं खिचडी करून खाल्ली होती आणि रुसलेलो होतो. एकदा आणखी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, तिच्या पोटात काही राहायचं नाही, असंच मी चाळीस वर्षं समजत आलो होतो. पुढे पाच आठवड्यांनी ती गेली. सकाळी कणीक मळता मळता ओट्याला टेकली. कंपू भागातल्या इस्पितळात नेईपर्यंत माझा हात धरून होती, तिथल्या डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. नंतर एक कागद मिळाला. त्यावर कारणाच्या रकान्यात 'हृदय' हा शब्द होता. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि त्या शब्दाकडे पुन्हा पाहिलं नाही, कारण तो शब्द मी आधी एकदा लिहिला होता.

दुकानातल्या त्या दिवसानंतर मी रोज सव्वा वाजताच टीव्हीपुढे बसू लागलो. दोन चष्मे जवळ ठेवायचो, एक डोळ्यावर, एक हातात. चौथ्या दिवशी ती दिसली. मी ओरडलो, घरात कोणी नव्हतं. पहिल्या रांगेत, जांभळ्या चंदेरीत, हसत. कार्यक्रमात एक ज्योतिषी बोलत होता, आणि वनमाला, जिनं लेकीच्या लग्नाआधी तिची पत्रिका चुलीत घातली होती, ती त्या ज्योतिषाला टाळ्या देत होती. नंतरच्या आठवड्यात एका बाईने वीस किलो वजन कमी केलं, तिलाही दिल्या. मग एका पहिलवानाला. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं. मी ट्रेसर होतो. जमिनीच्या नोंदींच्या दफ्तरात चाळीस वर्षं नकाशावर ट्रेसिंगचं कापड ठेवून रेषा उतरवल्या. दोन नकाशे एकाच मुळावरून उतरवलेले असले तर ते कसं ओळखायचं हे मला कोणी शिकवायला नको. नदीचं एखादं वळण दोन्हीकडे सारखंच चुकलेलं असतं. वनमाला प्रत्येक वेळी सातच टाळ्या वाजवायची. दुसऱ्या टाळीला बांगड्या मागे सरकायच्या. पाचवीला ती शेजारणीकडे मान वळवून हसायची. सातवीला चित्र तुटायचं. एकदाच घेतलेला तुकडा होता तो, हवा तिथे जोडत होते. उषाताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "असंच करतात ते, भाऊसाहेब. समोरच्या बायका त्या वेळी जांभया देत असल्या तर काय दाखवणार? आमच्या वनमालाचा चेहरा चांगला आला, घेतला उचलून." मला वाईट वाटायला हवं होतं. पण मी विचार करत होतो की दिल्लीजवळ फितीच्या कुठल्यातरी डब्यात ती आहे, आणि कोणी अनोळखी माणूस तिथे बसून, आज कुठला चेहरा लावू, असं म्हणतो आणि तिचाच निवडतो. इतक्या बायकांमधून. मीही तिला असंच निवडलं होतं, बासष्ट साली, तीन मुलींमधून, पण ती गोष्ट वेगळी. मी उषाताईंना विचारलं, "आणि ती बोलली ते? ते कधी?" "लागलं नाही अजून. मला तुम्ही विचारूच नका. मी नेमकी तेव्हा बाथरूमला गेले होते. परत आले तर दारावर लाल दिवा, आत सोडीनात. बाहेरून एवढंच ऐकू आलं की सगळ्या हसताहेत." "कशाला हसत होत्या?" "ते विचारलं मी तिला बसमध्ये. म्हणाली, ह्यांच्याबद्दल होतं." ह्यांच्याबद्दल म्हणजे माझ्याबद्दल. घरी येऊन मी देवासमोर उभा राहिलो, पण दिवा लावायचं विसरलो.

माझ्याबद्दल हसण्यासारखं पुष्कळ होतं आणि एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. एकोणऐंशी साली मला बढती मिळाली, मुख्य ट्रेसरची, आणि बदली रायपूरला. आमच्या घराण्यातला पहिला माणूस दख्खनेतून घोड्यावर बसून इथे आला आणि त्यानंतर दोनशे वर्षं कोणी हललं नाही. वडील दरबारच्या पागेत होते; दरबार गेला, मध्य भारत नावाचं राज्य आलं, तेही गेलं, सगळी मोठी दफ्तरं भोपाळला निघाली, आणि वडील म्हणाले, राज्यं जातील तिकडे जाऊ देत, आपण इथंच. छप्पन साली मी नोकरीला लागलो तेव्हा पहिलं काम होतं ते जुन्या राज्याची हद्द नव्या कापडावर न उतरवण्याचं. ती रेषा वगळायची. मला आठवतं, तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. पण रायपूरचा कागद हातात आला तेव्हा मला जाणं शक्यच वाटेना. मी सकाळी गच्चीवर जाऊन किल्ला पाहिल्याशिवाय चहा घेत नव्हतो. हे कारण अर्जात लिहिता येत नाही. म्हणून मी लिहिलं की पत्नीला हृदयाची दुर्बलता आहे आणि वैद्यांनी प्रवासाची मनाई केली आहे. एका ओळखीच्या वैद्याने चिठ्ठी दिली. वनमालाला सांगितलं की बढती दुसऱ्याला गेली. ती छत्तीस वर्षांची होती, खलबत्ता एका हाताने उचलायची. आणि एका रविवारी सकाळी आमचे अधीक्षक, बायकोला घेऊन, न कळवता, आजारी माणसाला बघायला घरी आले. वनमाला गच्चीवर सांडगे घालत होती, पदर खोचून, गाणं म्हणत. मी दारात उभा. ती जिना उतरत होती, धडधड पाय वाजवत, ते मला अजून ऐकू येतं. अधीक्षकांच्या बायकोने विचारलं, "अब तबीयत कैसी है, बहन?" आणि वनमाला शेवटच्या पायरीवर बसली. तिने छातीला हात लावला. "आज ज़रा ठीक है," म्हणाली. माझी बदली रद्द झाली. संध्याकाळी मी विचारलं, काय झालं होतं? म्हणाली, उन्हामुळे चक्कर आली. मी वर पाहून हात जोडले, केवढं नशीब. ती मात्र त्यानंतर तीन महिने दफ्तरचं कोणी आलं की हळू चालायची, आणि मी घाबरायचो. मला वाटायचं, लिहिलं आणि लागू झालं. पुढे ती ठणठणीत झाली, मी विसरलो. बावीस वर्षांनी इस्पितळाच्या कागदावर तोच शब्द पाहिला तेव्हा मला वाटलं की हा माझाच अर्ज आहे, उशिरा मंजूर झालेला.

ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती. पण त्या अर्जाची नक्कल दफ्तरात होती आणि दफ्तरात सगळ्यांना ठाऊक होतं की मानसिंगरावांनी रायपूर टाळलं. गेल्या नोव्हेंबरात राज्याचे दोन तुकडे झाले, रायपूर घेऊन छत्तीसगड निघालं आणि सरकारी माणसांच्या याद्या लागू लागल्या, कोण इकडे, कोण तिकडे. जगदेवराव, ज्याला मी हात धरून ट्रेसिंग शिकवलं, त्याचं नाव तिकडच्या यादीत आलं. फेब्रुवारीच्या शेवटी तो माझ्याकडे आला. "काकासाहेब, मंदाची तबीयत आता खराब करावी लागणार," तो म्हणाला. "तुमचा तो अर्ज काय होता, ते ज़रा सांगा ना. हार्टचा होता ना?" मी म्हणालो, मी असलं काही लिहून देणार नाही. "अरे, पण तुम्हीच तर —" "नाही म्हटलं ना." तो न चहा घेता गेला. बिचाऱ्याला कळेना की मी इतका का तापलो. मंदाताईंना, त्याच्या बायकोला, मी त्यांच्या लग्नापासून ओळखतो. रोज सायकलवर थाटीपुरहून शाळेत शिकवायला जातात. त्यांच्या छातीवर मी पेन कसं टेकवू?

मग मार्चमध्ये दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. उषाताई धावत आल्या, नोएडाहून त्या यंत्रवाल्या पोरीचा फोन आला होता. कार्यक्रम बंद होतोय, बघणारे कमी पडले. शुक्रवारी शेवटचा भाग, आणि तो ग्वाल्हेरच्या बायकांचा. "वनमालाचं बोलणं त्यात आहे, मी नीट विचारून घेतलं, भाऊसाहेब. अगदी शेवटी आहे." आणि दुसऱ्याच दिवशी पेपरात वीज जाण्याचं नवं वेळापत्रक आलं. विजेचे कारखाने तिकडच्या राज्यात राहिले, असं लोक म्हणत. काहीही असो, आमच्याकडे रोज तासन् तास वीज जायची, आणि आता माधवगंजची वेळ दुपारी एक ते तीन झाली होती. जगदेवराव राहायचा त्या थाटीपुरची दोन ते चार. मी पेपर तीनदा वाचला. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. मग स्वच्छ धोतर नेसून टेम्पोत बसलो आणि जगदेवरावच्या सरकारी क्वार्टरवर गेलो. घरात खोकी भरलेली होती. कुठल्या बाजूने निकाल लागेल ते माहीत नसल्याने अर्धं सामान बाहेर, अर्धं आत. मी म्हणालो, शुक्रवारी मला तुमचा टीव्ही लागेल. का, ते सांगितलं. जगदेवराव ऐकत राहिला, मग म्हणाला, "टीव्ही तर गोदडीत बांधलाय, काकासाहेब. खोलतो. मग अर्ज लिहाल?" मंदाताई आतून म्हणाल्या, "शरम नाही वाटत? माणूस कशासाठी आलाय, आणि तुमचं आपलं अर्ज!" पण मी म्हणालो, लिहीन. तेव्हा मी काहीही लिहून दिलं असतं.

शुक्रवारी मी बारालाच पोचलो. टीव्ही एका खोक्यावर ठेवला होता, तार खिडकीतून ओढलेली. मंदाताईंनी शाळेतून अर्धी सुट्टी घेतली होती. त्या पोळ्या लाटत होत्या, म्हणाल्या, "काकूंचं नाव आलं की हाक मारा." जगदेवरावने माझ्यापुढे कोरा कागद आणि पेन ठेवलं. दीड वाजला. मृणालिनी सेठी आली, चेहरा पडलेला, तरी हसत होती. कार्यक्रम बंद होणार हे तिला रेकॉर्डिंगच्या वेळी माहीत नसणार, पण मला तसं दिसलं. पहिल्या रांगेत जांभळी चंदेरी होती. मी इतका पुढे सरकलो की जगदेवरावने खुर्ची धरली. कोणी कोणी बोलत होतं. मी घड्याळ बघत होतो. पावणेदोन. जाहिराती. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती, की तिला कुठून तरी कळलं असेल आणि ती सगळ्या देशापुढे म्हणेल, ह्यांनी मला आजारी पाडलं. म्हणू दे, मी मनात म्हणत होतो, म्हणू दे, पण लवकर, दोनच्या आत. एक छप्पन झाले. नटीने विचारलं, "ऐसी कौन-सी बात है जो आपने अपने पति को आज तक नहीं बताई?" आणि माईक वनमालाकडे गेला. "मंदाताई!" मी ओरडलो. त्या लाटणं हातात घेऊनच आल्या.

वनमाला उभी राहिली. पदर सारखा केला. तिचा आवाज. मी विसरलो नव्हतो, पण मला वाटत होतं त्यापेक्षा तो जाड होता. "हमारे इनको रायपूर नहीं जाना था," ती आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत म्हणाली. "तो इन्होंने अर्जी लिखी कि मुझे हार्ट की बीमारी है. मुझको बताया नहीं. मैंने कोट धोने को निकाला, तो जेब में अर्जी की नकल." बायका हसू लागल्या. नटी पुढे वाकली. "फिर? आप नाराज़ हुईं?" "दो दिन. मुझको तो जाना था रायपूर, नया गाँव देखती. पर ये आदमी सुबह किला देखे बगैर चाय नहीं पीता. वहाँ क्या करता? फिर एक दिन साहब लोग घर आ गए मुझको देखने. ये दरवाज़े में, एकदम सफेद. मैंने सोचा, अब लिख ही दिया है तो निभाना पड़ेगा. मैं सीढ़ी पे बैठ गई." तिने छातीला हात लावला, अगदी तसाच, आणि सगळा हॉल हसला. "तीन महीने बीमार रही. ये मेरे लिए पानी भर के लाते थे. मैंने बताया ही नहीं कि मुझे मालूम है. अब टीवी देखेंगे, तो मालूम पड़ेगा." "और अब दिल कैसा है आपका?" नटीने विचारलं. "दिल? दिल को क्या हुआ," वनमाला म्हणाली, "वो तो लिखा हुआ था."

मी काय केलं मला आठवत नाही. कोरा कागद माझ्या हातात चुरगळला होता, एवढं नंतर दिसलं. पाणी मी भरत होतो. हो, तीन महिने मी भरत होतो, पहाटे उठून, दोन बादल्या, भीतीने. आणि ती पडल्या पडल्या बघत होती. मी मोठ्याने हसलो. मंदाताई डोळे पुसत होत्या, त्यांच्या गालाला पीठ लागलं. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "माझ्याबद्दल काय लिहिणार आहात ते आधी मला वाचून दाखवायचं. मग ठरवू, मी आजारी पडायचं की रायपूरला जायचं." जगदेवराव म्हणाला, "अगं, पण —" "चूप. बघा, काकू आल्या." पडद्यावर टाळ्या सुरू झाल्या होत्या. आणि त्या माणसाने, डब्यातून चेहरे निवडणाऱ्या त्या माणसाने, सवयीने तोच तुकडा जोडला होता. वनमालाचं बोलून झालं होतं आणि वनमालाच टाळ्या वाजवत होती. डावा हात स्थिर, उजवा वरून. एक. दोन, बांगड्या मागे सरकल्या. तीन. चार. पाचवीला तिने मान वळवली, आणि वीज गेली. पंखा फिरता फिरता थांबला. काळ्या काचेत खोकी दिसत होती आणि आम्ही तिघं.

उरलेल्या दोन मी वाजवल्या.